आमचा बहावा गुलाबी फुलला!

प्रश्न : ताई, गेल्या फेब्रुवारीत आमच्या कुंपणालगतच्या झाडाच्या शेंगांचा फोटो पाठवला होता. तुम्ही ‘बहावा’ असं उत्तर दिलंत. आम्ही पिवळ्या झुंबरांची वाट बघत बसलो आणि मेअखेर झाड फुललं ते गुलाबी! शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. आता त्यांना काय सांगू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सांगा, की ताई चुकल्या. तुमचा तो फोटो मी परत काढून पाहिला. खालून वर कॅमेरा धरलेला, आभाळाच्या उजेडात काळ्या दिसणाऱ्या पाच-सहा नळ्या आणि पान म्हणून औषधाला नाही. हातभर लांब, गोल, काळी शेंग दिसली की माझा हात आपोआप ‘बहावा’ लिहितो. एकतीस वर्षं कॉलेजात मुलांवर ‘आधी फोडून बघा, मग बोला’ म्हणून ओरडले आणि स्वतः मात्र न फोडता बोलले. माझी एक जुनी विद्यार्थिनी तुमच्या जिल्ह्यातच शिकवते. तिचा लगेच फोन : “बाई, शेंग फोडली होतीत का?” घ्या!

तुमचं झाड गुलाबी बहावा, म्हणजे कॅशिया जावानिका. मूळचं आग्नेय आशियातलं, आपल्याकडे शोभेसाठी लावलेलं. आता पडलेली एक शेंग उचला आणि अंगणात दगडाने ठेचा. आपल्या देशी बहाव्याच्या शेंगेत नाण्यांची चळत रचावी तशा पातळ चकत्या असतात, दोन चकत्यांच्या मधे एक चपटी बी आणि चकतीला काळा, चिकट, गोडसर मगज. वैद्य ज्याला आरग्वध म्हणतात आणि पोट साफ व्हायला देतात, तो हाच. बोट लावलंत तर काकवी लागल्यासारखं होतं. तुमच्या शेंगेतही चकत्या आहेत, पण त्या कोरड्या, बाटलीच्या बुचासारख्या भुसभुशीत निघतील आणि बोट स्वच्छ राहील.

पानांवरूनही कळलं असतं. देशी बहाव्याच्या एका पानावर चार ते आठ जोड्या आणि एकेक पाती तळहाताएवढी लांब. जावानिकाला दहा-बारा जोड्या आणि पाती बोटाच्या दोन पेरांएवढी. अजून एक गुलाबी भाऊबंद आहे, कॅशिया ग्रँडिस. त्याची शेंग लाटण्याएवढी जाड, खरबरीत, कडेला उठलेल्या धारा, आणि फोडलीत तर नाकाला रुमाल लावावा लागेल. तुमच्या शेंगा गुळगुळीत आहेत, त्यामुळे तो नव्हे. निदान एवढं तरी फोटोवरून खात्रीने सांगते.

प्रश्न : आमच्या आगराच्या मागच्या रानात एक उंच, कमी फांद्यांचं झाड आहे. त्याला तलवारीसारख्या दोन-अडीच फुटी चपट्या शेंगा लोंबतात. सोबत एक शेंग आणि पान पाठवत आहे. गुलमोहराची रानटी जात असेल का?
— एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : शेंग पोचली, नीट पोचली. वर्तमानपत्रात गुंडाळून दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावलात, त्याबद्दल तुमचे खास आभार. पॉलिथिनच्या पिशवीतून पान निघालं की पुण्याला येईतो त्याचं लोणचं होतं, हे मी दर दोन अंकांआड लिहिते आणि दर दोन अंकांआड एक लोणचं येतंच.

पण तुम्ही ज्याला पान म्हणता ते पान नाही. तुमच्या पाकिटातून अंड्याच्या आकाराची, टोकदार, चार इंचांची एक हिरवी पाती निघाली. ती पर्णिका, म्हणजे पानाचा एक तुकडा. खरं पान तुमच्या झाडावर तीन-चार फुटांचं असणार. तुम्ही त्याला फांदी समजलात आणि फांदीवरचं एक ‘पान’ खुडलंत. दहातली सात पत्रं इथेच अडतात.

पान कुठून सुरू होतं हे ओळखायची खूण सोपी आहे. कलमं बांधणारे ज्याला ‘डोळा’ म्हणतात, तो शोधा. देठ आणि काठी यांच्या बगलेत बारीकसा कोंब दिसला, तर तिथून पुढचं सगळं मिळून एक पान. बगल रिकामी असेल तर तुम्ही अजून पानाच्या आतच आहात, आणखी मागे सरका. तुमच्या झाडाशी मागे सरकत गेलात की खोडाच्या शेंड्यापर्यंतच पोचाल.

हे कळलं की पुढचं पाऊल : खरी पानं काठीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक? मराठीत आपण लांब दिसणाऱ्या प्रत्येक फळाला शेंगच म्हणतो, पण झाडांची घराणी वेगळी असतात. बहावा, गुलमोहर, शिरीष, करंज, कांचन हे शेंगांचं खरं घराणं. त्यांची पानं बहुतेक एकाआड एक, आणि शेंगेत बिया एकाच कडेला ओळीने चिकटलेल्या. मटार सोलताना बघा, तसंच. शेंगा लांब आणि पानं मात्र समोरासमोर असतील तर डोळे झाकून दुसऱ्या घराण्यात जावं. टेटू, मेडशिंगी, वारस, पाडळ, रस्त्याकडेची पिचकारी ही तिथली मंडळी. पान खुडल्यावर दुधाळ चीक आला तर तिसरं घर, कुड्याचं. नियमाला अपवाद असतातच, पण मला तरी या एका प्रश्नाने जितकी झाडं ओळखून दिली तितकी कुठल्याही पुस्तकाने दिली नसतील.

तुमची शेंग मी कडेच्या शिवणीत सुरी घालून उघडली. आत दाणे नाहीत, गर नाही. पतंगाच्या कागदाहून पातळ, पांढऱ्या, अर्धपारदर्शक चकत्यांची चळत, आणि प्रत्येक चकतीच्या मधे चपटं बी. पंखा चालू होता, त्यामुळे पुढचं दृश्य आमच्या ह्यांनाच विचारा. काही चकत्या अजून पुस्तकांच्या कपाटावर आहेत.

तर हा टेटू. संस्कृतात श्योनाक, दशमुळांतला एक. गुलमोहराचा आणि याचा काही संबंध नाही. गुलमोहर मादागास्करहून आलेला, हा आपला. फुलं रात्री उमलतात, वटवाघळं येऊन परागण करतात आणि सकाळी फुलं खाली पडलेली असतात, म्हणून फुलताना हे झाड फार कुणी पाहत नाही. पानं झडली की पर्णिका आधी गळतात आणि लांब देठांचे तुकडे बुंध्याशी साचतात. लांबून वाटतं, कुणीतरी हाडं आणून टाकली आहेत. एक विनंती : मुळाच्या सालीसाठी कुणी विचारत आलं तर झाड दाखवू नका. मूळ खणलं की झाड गेलं. तुमच्या शेंगेतल्या ज्या बिया कपाटावर चढल्या नाहीत, त्या परत पाठवत आहे. पहिल्या पावसात रानाच्या कडेला टाका.

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या झाडाच्या वाळक्या शेंगा मार्च-एप्रिलमध्ये रात्रभर खुळखुळ वाजतात. तळमजल्यावरच्या आजोबांना झोप लागत नाही. कुणी म्हणतं हा रेन ट्री, कुणी म्हणतं बाभूळ. सेक्रेटरी म्हणतात, तोडून टाकू. कोणतं झाड आहे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : वाजतं म्हणजे रेन ट्री नाही. रेन ट्रीची शेंग जाड, काळपट, आत चिकट गोड गर, गुरं आवडीने खातात. ती वाजणार कशी? ती पायाखाली चिकटते आणि गाडीवर डाग पाडते. तुमच्या पाकिटातली शेंग गव्हाच्या काडाच्या रंगाची, कागदासारखी पातळ, सहा-आठ इंचांची, आणि आतल्या बियांचे फुगवटे बाहेरून मोजता येतात. हा शिरीष. झाडाची पानं गळतात, शेंगा तशाच राहतात, आणि सुक्या शेंगेत सुट्या झालेल्या बिया वाऱ्याने वाजतात.

शिरीषाचा आणखी एक भाऊ आहे, किन्हई. त्याचं खोड फिकट, गुळगुळीत, दिवसा लांबून पांढरं दिसणारं आणि शेंगा तांबूस तपकिरी. तुमच्या झाडाचं खोड काळपट आणि भेगाळ आहे असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा तो प्रश्न मिटला.

राहिली तोडायची गोष्ट. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय सोसायटीच्या आवारातलं झाडही तोडता येत नाही, हे सेक्रेटरींच्या कानावर घाला. आजोबांना सांगा, एप्रिल-मेमध्ये त्याच फांद्यांवर फिकट हिरवट-पिवळ्या तंतूंचे गोंडे येतील आणि संध्याकाळी खिडकीतून वास येईल तो अत्तरवाल्याकडे मिळणार नाही. तेवढ्यासाठी थोडी खुळखुळ मी तरी ऐकून घेईन. पण माझी खोली मागच्या बाजूला आहे, हेही खरं.

प्रश्न : नमस्कार आजी. मी सहावीत आहे. दसऱ्याला बाबांनी बाजारातून आपट्याची पानं आणली. आमच्या बाई म्हणाल्या की ती आपट्याची नाहीत, कांचनाची आहेत. दोन्ही पानं सारखीच दिसतात. कसं ओळखायचं?
— एक विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : तुझ्या बाई बरोबर असणार. शहरात दसऱ्याला ‘सोनं’ म्हणून कांचनाच्या फांद्या सर्रास विकतात. दोन्ही पानांना मधोमध खाच असते, त्यामुळे लोक फसतात. तू असं कर. पान घडी घालून उघड आणि पालथं करून बोट फिरव. आपट्याचं पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं आणि पालथी बाजू करडी, खरखरीत लागते. कांचनाचं पान मोठं, पातळ, मऊ असतं.

आता खरी गंमत शेंगांची. दोन्ही झाडांच्या सुक्या शेंगा गोळा करून उन्हात ठेव आणि थोडा लांब बसून बघ. कांचनाची शेंग चपटी असते. ती तापली की ‘टक्’ असा आवाज येतो, तिचे दोन्ही काप पिळल्यासारखे वळतात आणि बिया उडून पडतात. किती पावलांवर पडल्या ते मोजून मला लिही. आपट्याची शेंग जाड, किंचित वाकडी, विळ्यासारखी असते. ती उन्हात ढिम्म बसते, फुटतच नाही. झाडावरही तशीच महिनोन्‌महिने काळी होऊन लटकते. दुपारभर बसलास तरी काही होणार नाही, तेव्हा आपट्यासाठी वाट बघू नकोस.

आणि पुढच्या दसऱ्याला एकच पान दे. झाडाची फांदी ओरबाडून आणलेलं सोनं मला चालत नाही. मी घेतच नाही, आमच्या कॉलनीतल्या मुलांना माहीत आहे.

प्रश्न : आजीच्या पेटीत लाल बियांची डबी सापडली. काही बिया पूर्ण लाल, काहींना काळा डोळा. आमची धाकटी त्यांच्याशी खेळते. कोणत्या झाडाच्या आहेत?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी डबी वरच्या फडताळावर ठेवा, मग पुढचं वाचा. काळ्या डोळ्याची ती गुंज, झाडाची नव्हे, वेलाची. अत्यंत विषारी. अख्खी गिळली तर कठीण सालीमुळे कधीकधी तशीच बाहेर पडते. चावली गेली किंवा भोक पाडलेली असली तर जिवावर बेतू शकतं. मुलीने तोंडात घातल्याचा नुसता संशय आला तरी थांबू नका, बीसकट दवाखाना गाठा.

पूर्ण लाल, चकचकीत, दोन्ही बाजूंनी फुगीर ती रतनगुंज. हे मात्र चांगलं मोठं झाड, संयुक्त पानांचं. शेंग उकलली की पिळासारखी वळते आणि बिया आतल्या पिवळसर बाजूला चिकटलेल्या दिसतात. तीही मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

तुमच्या आजीकडे किंवा पणजोबांकडे सोनारकाम होतं का? आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. वजन साधारण सव्वाशे मिलिग्रॅमच्या आत-बाहेर येतं. रतनगुंज जवळपास दुप्पट भरते, चार बियांचा ग्रॅम होतो. दोन्ही एकाच डबीत असतील तर कुणीतरी त्या मोजायलाच ठेवल्या असाव्यात, असं मला वाटतं. घरात विचारून बघा.

प्रश्न : माझी आई सहा महिन्यांसाठी इकडे आली आहे. फूटपाथवर पडलेल्या लांब, तपकिरी, पिळवटलेल्या शेंगा तिने पिशवीभर गोळा केल्या आणि म्हणते, ही अमेरिकेतली शिकेकाई. भिजत घालू का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आईंना माझा नमस्कार सांगा. फूटपाथवरची शेंग उचलल्याशिवाय पुढे न जाणारी बाई मला न भेटताच आवडली.

फोटोत पट्टी ठेवलीत म्हणून काम सोपं झालं : अकरा इंच, चपटी, लालसर तपकिरी, पिळदार. तुम्ही पानंही दोन प्रकारची पाठवलीत आणि ‘दोन झाडांची असावीत’ असं लिहिलंत. नाहीत, एकाच झाडाची आहेत. हनी लोकस्ट नावाच्या या झाडावर काही पानं साधी पिसासारखी, तर काही पिसांच्या पिसांसारखी दुहेरी असतात आणि दोन्ही एकाच फांदीवर सापडतात. रानातल्या झाडाच्या खोडावर फाटे फुटलेल्या लांब काट्यांचे जुडगे असतात. रस्त्यावर लावतात ती बिनकाट्याची जात. शेंगेत बियांभोवती गोडसर गर असतो, नावातला ‘हनी’ त्यावरून.

शिकेकाई ही काटेरी वेल. तिची शेंग जाड, बियांच्या मधे आवळलेली आणि वाळली की सुरकुतलेली. तेव्हा ही ती नव्हे. पण आईंना अगदीच उडवून लावू नका हं. हनी लोकस्टच्याच एका चिनी भावाच्या शेंगा तिकडे कपडे आणि केस धुवायला वापरत आल्या आहेत. त्यांची नजर घराण्यापर्यंत बरोबर पोचली. भिजवून केसांना मात्र लावू नका, आणि खाण्यात तर नकोच. त्याच रस्त्यांवर केंटकी कॉफी ट्री म्हणून आणखी एक झाड असतं. त्याची शेंग आखूड, जाड, आत गोट्यांएवढ्या बिया, आणि त्या कच्च्या असताना विषारी. पिशवीत एखादी तशी आली आहे का ते बघून बाजूला काढा.

थोडक्यात

*कोल्हापूर :* काळ्या बीला नारिंगी दोरा आणि शेंग कानासारखी वळलेली, ती ऑस्ट्रेलियन बाभूळ. तुम्ही पाठवलेलं लांब ‘पान’ म्हणजे चपटा झालेला देठ आहे. बी पेरून बघा, रोपाची पहिली एक-दोन पानं बाभळीसारखी बारीक येतात आणि मग ते आपला विचार बदलतं.

*अमरावती :* शेंग कागदी, चपटी, लवदार, आणि बी एकच, तेही अगदी टोकाला. पळस. त्या बीला आपल्याकडे पळसपापडी म्हणतात. पानं तीनच आहेत का, हे मी विचारायला नको.

*पुणे, कर्वेनगर :* एप्रिलमध्ये गच्चीवर ढिगाने येणाऱ्या गोल पापड्या वावळाच्या. पान चुरडून वास घ्या, नको वाटला की खात्री पटली. मधलं बी आम्ही लहानपणी खात असू.

*जुन्नर :* स्क्रूसारखी पिळलेली ती मुरुडशेंग. झुडूपच आहे, त्याचं पुढे झाड होणार नाही. वाट पाहू नये.

*बिनपत्त्याचं पाकीट :* शिक्का कणकवलीचा, आत चिठ्ठी नाही. जेवायच्या वेळी उघडलं, ही माझी चूक. पेन्सिलीसारख्या बारीक दोन शेंगा टपालात फुटलेल्या होत्या आणि म्हाताऱ्या घरभर झाल्या, दोन आमटीत. कुडा आहे एवढं नक्की. पण शेंगांची जोडी टोकाशी जुळलेली असेल तर काळा कुडा, टोकं सुटी असतील तर पांढरा, आणि टोकंच मोडून गेली आहेत. ज्यांनी पाठवलं त्यांनी झाडाखाली जाऊन जोडी बघावी, एक पान देठासकट, डोळ्यासकट काढावं, आणि या वेळी पाकिटावर स्वतःचं नाव लिहावं.